आधी नाव, मग हात

अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखालच्या खोलीत मी चौदा वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, क्लासच्या नोट्स, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, दिवाळीच्या तोंडावर एखादा हौशी अंक. टायपिंगला हात चालायचाच, पण शेठनी मला धरून ठेवलं होतं ते प्रुफांसाठी. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या खाली कुणाचा मामा कुणाच्या रांगेत जाऊन बसलाय, 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' यांची अदलाबदल झालीय का, हे मला कागद उलटा धरला तरी दिसायचं. २०२० साली लग्नं पन्नास माणसांत लागायला लागली, पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या आणि पुन्हा जिन्याखाली काही उतरल्या नाहीत. पुढच्या वर्षी शेठनी मशीन विकलं. मला दोन महिन्यांचा पगार आणि माझी खुर्ची दिली. खुर्ची अजून आहे.

रक्त काढायला शिकण्याचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते सासूबाईंच्या साखरेनं. दर तीन महिन्यांनी लॅबचा एक पोरगा सकाळी साडेसहाला धनकवडीत आमच्याकडे यायचा. सासूबाई उजव्या हातानं जपमाळ ओढत बसलेल्या, डावा हात त्याच्यापुढे. माळ थांबायची नाही. चार मणी पुढे सरकेपर्यंत तो कापूस दाबून म्हणायचा, "झालं, आजी. दाबून धरा, चोळू नका." मला ते बघताना एकही चूक नसलेलं प्रूफ हातात आल्यासारखं वाटायचं. एकदा जिन्यापर्यंत त्याच्याबरोबर उतरले आणि विचारलंच, हे कुठं शिकवतात. "सहा महिन्यांचा कोर्स आहे, ताई. बारावी पाहिजे." बारावी माझ्याकडे होती. १९ वर्षांपूर्वीची, पण होती.

नवरा म्हणाला, "नारळ फोडताना बोटाला लागलं तर तू डोळे मिटतेस." ते खरंच आहे. अजूनही मिटते. दुसऱ्याच्या हातासमोर तसं होत नाही. का ते विचारू नका.

वर्ग स्वारगेटजवळ, फरसाणाच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. २२ जणांची बॅच. त्यात १७ मुली, बहुतेक भोर, वेल्हे, इंदापूरकडच्या. नीटला मार्क कमी पडलेल्या, घरी 'नर्सिंग नको, रात्रपाळी असते' असं ऐकून आलेल्या. मी वर्गात शिरले तेव्हा एकीनं उठून पायावर वाकायचा बेत केला होता. पहिला आठवडा मी काकू होते. दुसऱ्या आठवड्यात पेपर लिहून बाहेर आलो तेव्हा ताई झाले. पुण्यात ही बढतीच म्हणायची.

फ्लेबोटॉमी हा शब्द ग्रीक. शीर आणि छेद असे त्याचे दोन तुकडे. सर्टिफिकेटवर 'फ्लेबोटॉमी टेक्निशियन' असं भारदस्त छापून येतं. प्रत्यक्षात वॉर्डात आम्ही 'लॅबवाल्या', घरी 'रक्तवाल्या मॅडम' आणि पाच वर्षांच्या आतल्यांसाठी 'टुच करणारी'. शेवटचं नाव मला सगळ्यांत अचूक वाटतं.

शिकवायला ज्या मॅडम होत्या त्यांनी पहिल्या दिवशी फळ्यावर काही लिहिलं नाही. सगळ्यांना बाह्या वर करायला लावल्या आणि शेजारणीचा हात चाचपायला सांगितलं. डोळे मिटून. कोपराच्या आतल्या खळगीत कामाच्या शिरा तीन. मधली मीडियन क्युबिटल, अंगठ्याच्या बाजूची सेफॅलिक, करंगळीच्या बाजूची बॅसिलिक. मधली सगळ्यांत गुणी: कातडीजवळ असते, फारशी हलत नाही, दुखतंही कमी. बॅसिलिक दिसायला टपोरी, मोहात पाडणारी. पण तिच्या लगत धमनी आणि मज्जातंतू जातात, म्हणून तिच्याकडे वळायचं ते दुसरं काही मिळालं नाही तरच. "निळी रेघ दिसली म्हणून हुरळू नका," मॅडम म्हणायच्या. "डोळ्याला दिसते ती चित्रातली. बोटाला लागते ती आपली." शीर दाबली की दबते आणि पुन्हा वर येते, पाणी भरलेल्या बारीक रबरी नळीसारखी. धमनी बोटाखाली उडते. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी, दोरीसारखी कडक लागते, दाबली तरी दबत नाही. एवढं तिघींचं भांडण बोटाला सोडवता आलं की निम्मा कोर्स झाला.

मग मला एक वाईट सवय लागली. धनकवडीहून स्वारगेटला येताना पीएमपीच्या बसमध्ये वरचा दांडा धरलेले पन्नास हात डोळ्यांपुढे लोंबकळत असतात. मी हात बघायला लागले. हमालाच्या हातावर शिरांचे दोरखंड, कॉलेजच्या पोरीच्या गोऱ्या हातावर नुसती निळसर सावली, जाडजूड काकांच्या हातावर काहीच नाही, तिथं बोटच लावायला हवं. एका कंडक्टरच्या हातावर इतकी सुरेख सेफॅलिक होती की माझा स्टॉप गेला. त्यानं विचारलं, "काय बघताय, मॅडम?" मी म्हटलं, "घड्याळ." त्याच्या हातात घड्याळ नव्हतं.

वर्गात सरावाला एक रबरी हात होता. आत लाल पाणी, वर कातडीच्या रंगाचं रबर, आणि आधीच्या बॅचनी पाडलेली इतकी भोकं की सुई आपोआप मळलेल्या वाटेनं आत जायची. इंदापूरच्या पोरींनी त्याचं नाव बापू ठेवलं होतं. बापू हात आखडत नाही, बापूला घाम फुटत नाही, बापूची नस पळत नाही. म्हणून बापूवर पैकीच्या पैकी मिळवलेली माणसं जिवंत हातापुढे आली की थरथरतात.

सराव कशावर करावा हा प्रश्न मात्र आपल्याकडे फार जुना. सुश्रुतसंहितेत शिष्यांसाठी सोय सांगितली आहे: कापण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी असल्या फळांवर, वेध घेण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. मॅडमनी हे सहज सांगितलं आणि पुढे गेल्या. मी लक्ष्मीपूजनाला मंडईतून कमळ आणलं होतं, त्याच्या देठात दुसऱ्या दिवशी सरावाची सुई घालून पाहिली. वरची साल किंचित अडते, मग सुई एकदम मोकळी होते. बापूपेक्षा कितीतरी खरं. हे ज्यानं सुचवलं त्याच्या बोटाला नक्की कळत होतं, असं मनात आलं आणि ताटलीतल्या कमळापुढे उगाच ओशाळल्यासारखं झालं.

मग एकमेकींना टोचायचा दिवस आला. त्याआधी हेपॅटायटिस बीची लस: पहिला डोस, एका महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. कोर्सही सहा महिन्यांचा, त्यामुळे तिसरा डोस आणि सर्टिफिकेट मला एकाच आठवड्यात मिळालं.

माझी जोडी वेल्ह्याकडच्या एका मुलीशी लावली होती. बारीक, शांत, बोलली तर फक्त "हो ताई." पट्टा कोपराच्या वर चार बोटं. मूठ बांध. शीर सापडली, मधलीच, चांगली. पट्टा सोडून स्पिरिट लावलं आणि थांबले. हे थांबणं सगळ्यांत अवघड. अर्धा मिनिट ते आपोआप सुकू द्यायचं. फुंकर घालायची नाही, कापसानं पुसायचं नाही. ओलं असताना सुई घातली तर झोंबतं, आणि रक्तातल्या पेशीही फुटतात. पुन्हा पट्टा. आता घड्याळ सुरू: पट्टा मिनिटापेक्षा जास्त ठेवायचा नाही, नाहीतर शिरेत रक्त घट्ट होतं आणि रिपोर्टमधले आकडे खोटे वर चढतात. डाव्या अंगठ्यानं शिरेखालची कातडी ताणून धरली. सुईचं तिरकं तोंड वर. पंधरा ते तीस अंश, असं पुस्तकात. माझ्या हातात ते कदाचित पंचेचाळीस झालं असावं. कातडी भेदली गेली तो बारीक 'टच्' मला कळला. मग तो मोकळेपणाही कळला, कमळासारखाच. आणि मी तिथं थांबायचं सोडून अजून थोडं पुढे गेले.

सुई शिरेच्या एका भिंतीतून आत आणि दुसरीतून बाहेर. डोळ्यांदेखत तिथं सुपारीएवढी फुगवटी आली. मॅडमनी पट्टा सोडवला, सुई काढली, कापूस दाबला. मुलगी म्हणाली, "काही नाही, ताई." प्रुफावर लाल पेननं काट मारता येते, स्क्रीनवर कंट्रोल-झेड दाबता येतं. तिच्या हातावर माझी चूक आधी जांभळी, मग हिरवट, मग पिवळी होत आठ-दहा दिवस राहिली, आणि वर्गात ती माझ्या शेजारी बसायची म्हणून मला ती रोज वाचावी लागली.

तीन महिने फळ्यावर झाल्यावर एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकलला पाठवलं. माझं स्पष्ट मत आहे की हे प्रमाण उलटं हवं. रक्तवाहिन्यांची चित्रं तीन महिने पाहिल्यानं बोटाला काही येत नाही, आणि वीसेक माणसांना टोचून सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलेली पोरं पुढची दोनशे माणसं शिकण्यातच घालवतात. ही दोनशे माणसं कोण, हेही बघण्यासारखं आहे. जनरल वॉर्डातलीच. 'जरा शिकाऊ आहे, चालेल ना?' असं स्पेशल रूममध्ये कुणी विचारत नाही.

माझी पहिली पेशंट सासवडकडची एक म्हातारी. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, हात म्हणजे नुसती काडी, शिरा वर आलेल्या. मला वाटलं, सोपं आहे. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा दिसतात फार छान, पण त्यांच्या भोवतीची कातडी आणि मांस सैल झालेलं असतं. सुई लागली की शीर बाजूला सरकते. आमच्या भाषेत नस पळाली. डाव्या हाताची पळाली. उजव्या हाताला टोचलं, तिथंही नुसता एक थेंब आला आणि बंद. नियम असा की दोनदा चुकलं की आपण बाजूला व्हायचं, दुसऱ्याला बोलवायचं. मी "माफ करा आजी" म्हणत पट्टा सोडत होते, तर ती म्हणाली, "आगं घे की अजून येकदा. हात काय पळून चाललाय व्हय? तुला बी शिकायचंय नव्हं."

मी घेतलं नाही. लॅबमधल्या मामांना बोलावलं.

मामा म्हणजे त्या लॅबमधले सगळ्यांत जुने. मूळचे वॉर्डबॉय, कोर्सबिर्स काही नाही, आता रिटायर व्हायला आलेले. त्यांनी काम सुरू केलं तेव्हा सिरिंज काचेच्या असायच्या, त्या आणि सुया उकळून पुन्हा पुन्हा वापरायच्या. सुया बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची. हे ते आमच्यातल्या पोरींना मुद्दाम जेवणाच्या वेळी सांगायचे. मामांनी म्हातारीचा हात हातात घेतला, पट्टा बांधण्याआधी तिला विचारलं, "माउली, वारीला किती वर्षं?" ती "एकवीस" म्हणेपर्यंत त्यांचा अंगठा शीर खालून ताणून धरून बसला होता. हलायला जागाच ठेवली नाही. २३ नंबरची बटरफ्लाय सुई, आत, रक्त. सुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होत जाते, हेही मला पहिल्या आठवड्यात उलटंच वाटायचं. मामा बाहेर आल्यावर म्हणाले, "शीर पळत न्हाई. आपण तिला सोडतो."

मामांची एक गोष्ट मात्र घेऊ नका असं मॅडमनी आधीच बजावलं होतं: वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालण्याची. तो जुना हात. आमच्यातला अंबाजोगाईचा पोरगा त्यांचं बघून तेच करायला गेला आणि टोपण चुकवून सुई स्वतःच्या बोटात. नळाखाली साबणानं हात धुवायचा, बोट पिळायचं नाही, तोंडात तर मुळीच घालायचं नाही, ताबडतोब सांगायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं गरज पडली तर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. हे सगळं पाठ होतं तरी तो पाच मिनिटं गप्प उभा राहिला, कारण ओरडा खायची भीती. नंतर काही निघालं नाही. तेव्हापासून तो पांढऱ्या डब्याच्या, म्हणजे सुया टाकायच्या डब्याच्या, इतक्या जवळ उभा राहून काम करायचा की पोरी त्याला 'डब्बा' म्हणायला लागल्या.

टोचणं लोकांच्या डोळ्यांपुढे असतं, त्यामुळे त्यांना तेवढंच काम वाटतं. खरा घोळ पुढे आहे, बल्बांमध्ये. पुण्यातल्या लॅबमध्ये ट्यूबला बल्बच म्हणतात. प्रत्येकाच्या टोपणाचा रंग वेगळा, आत वेगळं औषध, आणि भरायचा क्रम ठरलेला: आधी निळा, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, मग जांभळा, शेवटी राखाडी. निळ्यात सायट्रेट, रक्त गोठू न देणारं औषध, त्यात एका भागाला नऊ भाग रक्त, खुणेपर्यंत भरलंच पाहिजे. कमी भरला तर रक्त गोठण्याच्या तपासणीचं उत्तर चुकतं. राखाडीत फ्लोराइड, कारण बाटलीत पडल्यावरही रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात, त्यांना थांबवावं लागतं. जांभळ्यात ईडीटीए, तेही गोठू न देणारंच: पोटॅशियमचं मीठ, रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवणारं. आता समजा लाल बल्बात रक्त कमी पडलं आणि कुणी शहाण्यानं जांभळ्यातलं थोडं त्यात ओतलं. रिपोर्ट येतो: पोटॅशियम आभाळाला, कॅल्शियम तळाला. आकड्यांप्रमाणे माणूस जिवंत असता कामा नये. आणि माणूस खाली कँटीनमध्ये उपमा खात असतो. असा एक उपमा खाणारा आम्ही पाहिला आहे. ओतणारी मी नव्हते, पण बाजूलाच उभी होते.

जांभळा बल्ब भरला की आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटा-सुलटा करायचा. हलवायचा नाही, खळखळवायचा नाही. पत्रिकेवरची शाई ओली असताना कागद उलटतात तसा. पावसाळ्यात डेंगीचे दिवस आले की याची किंमत कळते. बल्ब नीट मिसळला नाही तर आत बारीक गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यात अडकतात आणि मशीन मोजतं ते उरलेलं. दीड लाखाच्या जागी चाळीस हजार. इकडे घरात रडारड, कुणी पपईच्या पानांचा रस काढतोय, कुणी किवी आणायला पळतोय, कुणी रक्तपेढीत फोन लावतोय; आणि मूळ कारण एवढंच की सकाळी कुणीतरी घाईत मनगट चार वेळा फिरवायचं विसरलं. म्हणून मी बल्ब फिरवताना मोजते. ओठ हलतात. एका आजोबांनी विचारलं, "मंत्र म्हणता की काय?"

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती सुईची नव्हती.

प्रॅक्टिकलचा दुसरा महिना. सकाळची घाई. वॉर्डात जायच्या आधी मी टेबलावरच सगळी लेबलं लिहून बल्बांना चिकटवून ठेवली. मला वाटलं, केवढी ही शिस्त. छापखान्यातही मी सगळं आधी लावून ठेवायची. वॉर्डात दोन कुलकर्णी होते. पुण्यात दोन कुलकर्णी असणं ही बातमी नव्हे. पण दोघांचं पहिलं नावही एकच, वडिलांचं तेवढं वेगळं, आणि दोघंही सत्तरीपुढचे. मी पहिल्या खाटेशी जाऊन विचारलं, "कुलकर्णी काका ना?" ते म्हणाले, "हो." का नाही म्हणतील? ते कुलकर्णीच होते. कानाला थोडे जड होते, मी पुढचं काय म्हटलं ते त्यांना ऐकू गेलं की नाही देव जाणे. त्यांच्या हातातलं रक्त दुसऱ्या कुलकर्ण्यांच्या लेबलाच्या बल्बात गेलं. आणि ते रक्त ब्लड ग्रुपसाठी होतं, दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्यांचं ऑपरेशन होतं.

रक्तपेढीत पकडलं गेलं. त्यांचा जुना ग्रुप बी नोंदलेला होता, माझ्या बल्बातून ओ निघाला. माणसाचा ग्रुप रात्रीत बदलत नाही. दोघांना पुन्हा टोचावं लागलं, एवढ्यावर निभावलं.

कार्ल लँडस्टायनरनं रक्ताचे गट शोधले १९०१ साली. त्याआधी रक्त देणं म्हणजे जुगार होता. एखादा वाचायचा, एखादा रक्त चढताना मरायचा, आणि का ते कुणाला सांगता यायचं नाही. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असा एक गट सापडला की जो साध्या चाचणीत ओ दिसतो पण ओ नसतो, आणि त्या माणसाला ओ रक्तही चालत नाही. त्याला अजूनही बॉम्बे ग्रुपच म्हणतात, शहराचं नाव बदललं तरी. हे सगळं मला परीक्षेपुरतं येत होतं. त्या दिवशी रात्री मी ते पुन्हा वाचलं, प्रत्येक ओळीत दोन कुलकर्णी दिसत होते. शंभर वर्षांची सगळी विद्या त्या बल्बावरच्या एका चिकटपट्टीवर टांगलेली असते, आणि ती चिकटपट्टी लिहिणारी मी, जिनं चौदा वर्षं लोकांच्या पत्रिकेतले मामे-काके जागच्या जागी बसवले.

मामा रागावले नाहीत. त्यांनी फक्त मला दोन्ही खाटांशी नेलं आणि म्हणाले, "इचार आता." मी विचारलं, "काका, तुमचं पूर्ण नाव सांगाल का?" दोघांनी सांगितलं. दुसऱ्या कुलकर्ण्यांनी तर गोत्रसुद्धा सांगितलं. तेव्हापासून मी कुणालाही 'अमुकच ना?' असं विचारत नाही. नाव त्यांच्या तोंडून येऊ द्यायचं, मग जन्मतारीख, मग कागदाशी ताडायचं, मग टोचायचं, आणि लेबल लावायचं ते रक्त काढल्यावर, पेशंटच्या समोर, तिथंच. आधी नाही. बाजूच्या टेबलावर जाऊन नाही. कितीही घाई असो.

आता मी एका लॅबसाठी होम कलेक्शन करते. सुरुवात महिना १२,००० रुपयांवर झाली, पेट्रोल वेगळं. पहाटे साडेपाचला ॲक्टिव्हा काढायची, पाठीला थंड पेटी. सदाशिव, नारायण, शनिवार, मग कोथरूड. उपाशीपोटीच्या तपासण्या सगळ्यांना सहा ते आठमध्येच हव्या असतात, आणि पुण्यातल्या ज्येष्ठांचा 'उपाशी' हा शब्द तपासून घ्यावा लागतो. "काही खाल्लंय का?" "छे, काही नाही." "चहा?" "चहा म्हणजे काही खाणं नव्हे." मग मी परत. पाणी चालतं हे सांगितलं तर कुणाला पटत नाही, चहा चालत नाही हेही पटत नाही.

वाड्यातल्या एका आजोबांकडे दर महिन्याला जाते. दोन मुलं, दोन्ही अमेरिकेत, पैसे तिकडून ऑनलाइन भरलेले. पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच म्हणाले, "मागचा मुलगा बरा होता." मी म्हटलं, "बसू का?" नाव विचारलं तर चिडले. "गेली सहा महिने येताय, नाव माहीत नाही?" मी पहिल्यांदाच आले होते, पण वाद घातला नाही, नाव ऐकेपर्यंत पेन हातात धरून उभी राहिले. शेवटी त्यांनी नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पेठ आणि वाड्याच्या मूळ मालकाचं नाव, सगळं खणखणीत सांगितलं. हात पुढे केला. सवयीनं मूठ उघडझाप करायला लागले. सगळेच करतात, कुणी शिकवलंय कोण जाणे. "नुसती बांधून ठेवा, काका. उघडझाप केली की पोटॅशियम उगाच वाढतं." त्यांनी मूठ बांधली आणि म्हणाले, "हे मागच्या मुलानं सांगितलं नव्हतं." त्या घरातली मला मिळालेली ही सगळ्यांत मोठी दाद.

बारीक माणसं, म्हाताऱ्या बायका कधी डगमगत नाहीत. चक्कर येते ती पंचविशीतल्या, जिमला जाणाऱ्या, दंडावर वाघ गोंदवलेल्या मुलांना. "मला काही होत नाही, मॅडम" असं जो आधी म्हणतो त्याला मी आडवाच झोपवते.

गेल्या महिन्यात लॅबनं माझ्याबरोबर एक शिकाऊ मुलगी दिली. भोरची, एकोणीस वर्षांची. बापूवर, किंवा तिच्या वर्गात त्याचं जे काही नाव असेल त्याच्यावर, पास झालेली. पहिले चार दिवस ती पेटी धरायची आणि बघायची. पाचव्या दिवशी राऊंड संपवून आम्ही लॅबच्या मागच्या खोलीत चहा घेत होतो तेव्हा ती म्हणाली, "ताई, मला अजून खऱ्या माणसाला टोचायला दिलं नाही कुणी."

मी कप बाजूला ठेवला आणि बाही वर केली.

तिनं हातमोजे घातले. पट्टा घेतला, खाली ठेवला. मग माझ्याकडे बघून, अगदी वॉर्डातल्यासारखा आवाज काढून म्हणाली, "तुमचं पूर्ण नाव सांगा." पाच दिवस मला ताई म्हणत होती. मी पूर्ण नाव सांगितलं. जन्मतारीख सांगितली. तिच्या बोटानं माझी शीर शोधली, सोडली, पुन्हा शोधली. स्पिरिट लावलं आणि थांबली. मी मनात तीस मोजले, ती पंचविसावर निघाली, मी काही बोलले नाही. पहिल्यांदा घातली तेव्हा काही आलं नाही. सुई आतल्या आत फिरवायला निघाली तेव्हा मात्र म्हटलं, "काढ. फिरवायची नाही कधी. दुसरा हात घे."

दुसऱ्या हाताला तिनं अंगठा चांगला खाली लावला, घट्ट. 'टच्' मला आतून कळला. जांभळ्या बल्बात रक्त उतरलं. पट्टा सोडला, कापूस ठेवला, सुई काढली, पांढऱ्या डब्यात टाकली, टोपण न घालता. बल्ब दहा वेळा फिरवला. मग तिथंच, माझ्यासमोर, लेबलावर माझं नाव लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

दुसरी वेलांटी ऱ्हस्व काढली होती. ती दीर्घ करून घेतली आणि मग कापूस सोडला.